साउंड कार्ड नवं, स्पीकर तेच

‘एक्स्टर्नल साउंड कार्ड घे, मग बघ तुझे स्पीकर कसे वाजतात!’ कॉम्प्युटरच्या स्पीकरबद्दल कुणी तक्रार केली की हा सल्ला हमखास मिळतो. देणारा बहुधा भला माणूस असतो आणि त्याने स्वतः त्यात पैसे घातलेले असतात, त्यामुळे बोलणंही ठाम असतं. मग काडेपेटीएवढं यूएसबी उपकरण घरी येतं. खोक्यावर ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ असं ठळक छापलेलं असतं. ते जोडलं जातं हजार-दीड हजारांच्या स्पीकरांना, आणि आवाज सुधारला असं घरातल्या सगळ्यांना वाटतंही. बहुतेक वेळा तो फक्त वाढलेला असतो.

साउंड कार्डाचं काम किती, ते आधी पाहू. कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे आकडे. त्या आकड्यांचा बदलता विद्युतदाब करणारी चिप म्हणजे डॅक. हा दाब जेमतेम एक-दोन व्होल्टचा. पुढे स्पीकरच्या खोक्यातला ॲम्प्लिफायर तो वाढवतो आणि मग स्पीकरचा पडदा हवा ढकलतो. यातला डॅक तुमच्या लॅपटॉपमध्ये किंवा मदरबोर्डवर आधीपासूनच बसलेला आहे. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं, तेव्हा पीसीला मुळात बीप करण्यापलीकडे फारसं काही येत नव्हतं. वेगळं कार्ड ही तेव्हा गरज होती. इंटेलने १९९७ मध्ये एसी ९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ ही मानकं आणली आणि आवाजाची सोय मदरबोर्डवरच होऊ लागली. गरज संपली, सल्ला मात्र मागे राहिला.

आजच्या साध्या मदरबोर्डवरची चिपसुद्धा मूळ सिग्नलमध्ये जी विकृती घालते ती टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते, अनेकदा त्याहूनही कमी. उलट तीन इंची पडद्याचा स्पीकर मोठ्या आवाजात खालचा स्वर वाजवू लागला की विकृती सरळ काही टक्क्यांवर जाते. बेस गिटारची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर कंप पावते. तो मूळ स्वर अशा स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही. नळाची तोटी बारीक असताना गच्चीवरची टाकी बदलण्यात काय हशील? पण टाकी बदलायला सांगणारे फार, तोटीकडे बघणारे थोडे.

मग सगळ्यांना फरक ऐकू येतो, तो कसला? बऱ्याचदा तो व्होल्टेजचा असतो. लॅपटॉपच्या जॅकमधून कमाल एक व्होल्टच्या आसपास दाब मिळतो, अनेक बाहेरचे डॅक दोन व्होल्ट देतात. दाब दुप्पट झाला की आवाजाची पातळी ६ डेसिबलने चढते. स्पीकरच्या बटणाला कुणी हात लावलेला नसतो, त्यामुळे तेच गाणं जास्त मोठ्याने वाजतं, आणि जरा मोठ्याने वाजलेलं गाणं माणसाला जास्त भरदार, जास्त स्वच्छ वाटतं. कानांची ही खोड इतकी पक्की आहे की डॅकची गंभीर तुलना करणारे आधी दोन्हींची पातळी मीटरवर मोजून डेसिबलच्या एक-दोन दशांशांपर्यंत जुळवून घेतात. घरी निदान एवढं करा: नव्या कार्डाचा आवाज जुन्याइतका खाली आणा, दुसऱ्याला वायरी बदलायला सांगा आणि पाठ करून ओळखा. बहुतेक जण हा प्रयोग करायला तयारच होत नाहीत. पैसे खर्च झालेले असतात ना!

आता ते २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ. सीडीवरचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा. म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे स्वर त्यात मावतात, आणि तरुण निरोगी कानाची वरची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असते. चाळिशीनंतर ती बरीच खाली येते. १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. तुमच्या खोलीत पंखा फिरतोय, खालून रिक्षा जातेय. या कोलाहलाच्या वर जे उरतं ते ऐकायला ९६ सुद्धा जास्तच झाले.

यावर वाद घालणारे भेटतात, म्हणून पुरावा. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली ‘जर्नल ऑफ द ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी’त एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा जसंच्या तसं आणि एकदा सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवलं. ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून आली असती तेवढीच. दुसरी बाजूही सांगायला हवी. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. प्रशिक्षित श्रोत्यांचं त्याहून जास्त. फरक शून्य नाही, हे मान्य. पण हे श्रोते यूएसबीवर चालणाऱ्या प्लास्टिकच्या स्पीकरांसमोर बसले नव्हते.

याचा अर्थ बाहेरचं कार्ड निरुपयोगी असतं असा नाही. लॅपटॉपचा जॅक ढिला झालाय, माउस हलवला की आतून किरकिर ऐकू येते, किंवा माइक लावून रियाझ नाहीतर पॉडकास्ट रेकॉर्ड करायचा आहे, तर जरूर घ्या. आणि घेतलंच असेल तर निदान नीट जोडा, कारण बिघडवण्याची खरी संधी तिथे आहे.

रेकॉर्डिंगसाठी घेतलेल्या ऑडिओ इंटरफेसला मागे दोन मोठी भोकं असतात, डावं आणि उजवं. स्पीकरची पिन मात्र छोटी, साडेतीन मिलिमीटरची. मग एक साधा कन्व्हर्टर लावून ती डाव्या भोकात खुपसली जाते आणि ‘दोन्ही स्पीकर वाजतात की!’ म्हणून समाधान होतं. वाजतात, पण काय? ते भोक एकाच चॅनलचं असतं: पिनेच्या टोकावर सिग्नल आणि मधल्या कड्यावर तोच सिग्नल उलटा. तुमची पिन टोकावर डावा आणि कड्यावर उजवा स्पीकर धरून बसलेली. म्हणजे दोन्ही स्पीकर डाव्या बाजूचंच गाणं वाजवतात आणि एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात, गायिका कुठे उभी आहे कळत नाही, उजवीकडची वाद्यं गायब. काही इंटरफेसमध्ये कड्यावर सिग्नलच नसतो. तिथे एक स्पीकर मुकाच राहतो, आणि ते बरं, कारण चूक लगेच कळते. एका टोकाला छोटी स्टीरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठ्या मोनो पिना असलेली केबल लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते. तीही आणायची नसेल तर इंटरफेसच्या हेडफोनच्या भोकात तोच कन्व्हर्टर लावा. ते भोक स्टीरिओच असतं.

असेच आणखी काही समज. ‘हेडफोनच्या भोकात स्पीकर लावले तर कार्ड जळतं’: आत ॲम्प्लिफायर असलेल्या स्पीकरचा भार हेडफोनपेक्षाही हलका असतो, काही होत नाही. ‘कार्ड लावलं, आता ब्लूटूथ स्पीकरही सुधारेल’: ब्लूटूथचा डॅक स्पीकरच्या पोटात असतो, तुमचं कार्ड त्या वाटेवर येतच नाही. फक्त यूएसबीची वायर असलेल्या स्पीकरांचंही तेच. ज्यांना यूएसबी आणि छोटी पिन दोन्ही आहेत, त्यांची यूएसबी बहुधा फक्त विजेसाठी असते. आणि यूएसबी २.० चं पोर्ट नियमाने ५ व्होल्टवर अर्धा ॲम्पिअर, म्हणजे अडीच वॉट देतं. खोक्यावर पीएमपीओ नावाचा फुगवलेल्या वॉटचा आकडा कितीही हजारांचा असो. ‘५.१ चे स्पीकर कुठल्याही कार्डावर चालतात’: कार्डाला एकच आउटपुट असेल तर दोनच चॅनल मिळतील. सोन्याचा मुलामा दिलेल्या यूएसबी केबलबद्दल बोलायची माझी इच्छा नाही.

एका सल्ल्यावर मात्र चिडल्याशिवाय राहवत नाही. हमिंग येतं म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाका, असं सांगणारे आजही आहेत. ती अर्थिंगची पिन आहे. आत वायर सुटून धातूच्या खोक्याला लागली, तर फ्यूज किंवा एमसीबी उडून तुमचा जीव वाचतो तो तिच्यामुळे. त्यापेक्षा आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. ५० हर्ट्झची घूंघूं थांबली तर ती ग्राउंडच्या वायरींमधून फिरणाऱ्या करंटची आहे, आणि नवं यूएसबी कार्ड त्याच वायरींवर बसत असल्यामुळे सहसा काही फरक पडत नाही. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरांना वीज मोबाइलच्या चार्जरवरून देऊन पाहा. एवढ्याने भागलं नाही, तर ऑडिओच्या वायरीत लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर काहीशे रुपयांत मिळतो.