गळकी टाकी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रोवणीचे दिवस आले की गोंदिया जिल्ह्यात ट्रॅक्टर आणि दुचाकीला उसंत नसते. तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंत बांध्यांमध्ये चिखलणी सुरू असते. नेमकी तेव्हाच टाकी गळू लागली, तर मालक जवळचं वेल्डिंगचं दुकान गाठतो आणि म्हणतो, “भाऊ, एक टाका मारून दे.” धोका सुरू होतो तो इथून. कारण भडका उडतो तो टाकीतल्या वाफेचा, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

गैरसमज: पेट्रोल काढून टाकलं, आता वेल्डिंगला हरकत नाही.

वस्तुस्थिती: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल, तर एका ठिणगीने ती पेटते. भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी आणि वाफ दाट असते. टाकी रिकामी केली की बाहेरची हवा आत शिरते आणि स्फोटाला लागणारं प्रमाण जुळून येतं. दहा लिटरच्या टाकीत त्यासाठी चमचाभराहून कमी पेट्रोल पुरतं. तेवढं जोडाच्या खाचेत आणि गंजाच्या पापुद्र्याखाली उरलेलंच असतं.

गैरसमज: डिझेलची टाकी आहे, डिझेल काही असं पेटत नाही.

वस्तुस्थिती: पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेटण्याइतकी तयार होते; डिझेलला उष्णता लागते, एवढाच फरक. आपल्याकडच्या डिझेलसाठी ज्वलनबिंदूची, म्हणजे वाफ ठिणगीने पेटू लागते त्या तापमानाची, किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे आणि गोंदियाचा मे महिना त्याच्या पुढेच असतो. शिवाय वेल्डिंगची ज्योत पत्र्याला लागली की आत चिकटलेल्या डिझेलची वाफ तिथल्या तिथे होते. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेल्या ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सच्या विमानात असाच स्फोट होऊन २३० जणांचा जीव गेला. त्याची मधली टाकी जवळजवळ रिकामी होती, आतलं इंधन रॉकेलच्या जातीचं होतं आणि टाकीखालच्या वातानुकूलन यंत्रणेने ते तापलं होतं.

गैरसमज: साबणाच्या पाण्याने धुतली, वास गेला, म्हणजे टाकी सुरक्षित.

वस्तुस्थिती: धुणं गरजेचं आहे, पण पुरेसं नाही. नाक वासाला सरावतं. थंड पत्र्याला वास येत नसला, तरी तापल्यावर खाचांतला गाळ पुन्हा वाफ सोडतो. पाणी भरून वेल्डिंग करतानाही वरच्या कोपऱ्यात वाफेचा कप्पा राहू शकतो. काही जण टाकीतला ऑक्सिजन हटवायला सायलेन्सरचा धूर आत सोडतात. पण डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं, तर त्याच्या धुरात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. टाकी वाफमुक्त झाली की नाही, हे वाफ मोजणाऱ्या यंत्रानेच कळतं. पेट्रोलियम नियमांचंही हेच सांगणं आहे: इंधन आणि त्याची वाफ निघून गेल्याची खबरदारी घेतल्याशिवाय अशा भांड्यावर आगीचं काम करू नये. या नियमांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, ‘पेसो’चं, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

गैरसमज: साबण किंवा एम-सील दाबलं की काम झालं.

वस्तुस्थिती: साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून थेंब थांबतो, पण त्यावर विसंबायचं ते फक्त टाकी रिकामी करेपर्यंत. ओल्या, रंगवलेल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर लेप धरत नाही. प्लास्टिकच्या टाकीवर साधा लेप चिकटतच नाही. ती बदलावीच लागते.

गैरसमज: पेट्रोल टपकतंय म्हणजे टाकीला भोक पडलं.

वस्तुस्थिती: अनेकदा टाकी शाबूत असते, गळते ती कॉकची वायसर, तडकलेली नळी किंवा सैल क्लिप. आधी सगळं कोरडं पुसून ओल नेमकी कुठून उमटते ते पाहा. भोक खरंच असेल, तर ते बहुधा तळाच्या जोडाशी सापडतं. तिथे रंग फुगलेला असतो. नखाने खरवडला की खाली तांबूस गंज आणि सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसून आतून पत्रा खातं. अनेक दुचाकींमध्ये झाकणाभोवतीचं पावसाचं पाणी बाहेर सोडणारं बारीक छिद्र असतं. ते चिखलाने बुजलं की पाणी टाकीत उतरतं. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा शोषतं, म्हणून हे छिद्र साफ ठेवणं अधिकच गरजेचं.

मग करायचं काय?

गाडी मोकळ्या हवेत, चूल, विडी आणि विजेच्या ठिणगीपासून दूर उभी करा. वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत लांबच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. बंद खोलीत किंवा दुकानाच्या खड्ड्यात काम नकोच. इंजिन थंड होऊ द्या, मगच इंधन झाकणाच्या धातूच्या डब्यात काढा. नळी तोंडाने ओढू नका. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. चुकून गिळलं गेलं, तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा. कोरड्या पावडरचं अग्निशामक आणि वाळू हाताशी ठेवा. पेटत्या पेट्रोलवर पाणी मारलं तर आग पसरते.

बारीक छिद्र असेल, तर पत्रा घासून, पुसून, पूर्ण वाळवून इंधनटाकीसाठीच बनवलेला लेप लावा. तो इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकतो, असं डब्यावर लिहिलेलं असावं. जोड उसवला असेल किंवा पत्रा ठिकठिकाणी खाल्ला असेल, तर टाकी बदला. वेल्डिंगशिवाय गत्यंतर नसेल, तर टाकी वाफमुक्त करून मोजणाऱ्या माणसाकडेच ती द्या.

वेल्डरने नकार दिला, तर त्याच्यावर रागावू नका. कामाची घाई आपली असते आणि ज्योतीसमोर बसतो तो. टाकीत किंवा ड्रममध्ये पूर्वी काय होतं हे त्याला न विचारता सांगणं, ही मालकाची पहिली जबाबदारी आहे.