तळघरातील भागीदारी

मोटारीच्या टायरशी ज्यांचा व्यवहारानिमित्त संबंध येतो, त्यांना गुडइयर आणि फायरस्टोन ही नावे अपरिचित नाहीत. या दोन्ही कंपन्यांचा जन्म एकाच गावी झाला. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन हे ते गाव. एके काळी त्यास जगाची रबर राजधानी म्हणत असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तेथील टायरचे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. मुंबईच्या गिरणगावाची अवकळा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ॲक्रनच्या ओस पडलेल्या इमारतींची कल्पना सहज येईल. अशा उतरत्या काळातील गावात दोन शेजारी मुले वाढली आणि पुढे ‘द ब्लॅक कीज’ या नावाने जगभर ओळखली गेली. त्यांची वाटचाल हा संगीताचा विषय खरा. परंतु अल्प भांडवल आणि भागीदारी यांचाही तो एक उत्तम धडा आहे.

डॅन ऑरबाख याचा जन्म १९७९ चा, तर पॅट्रिक कार्नी याचा १९८० चा. डॅनचे वडील जुन्या, दुर्मीळ वस्तूंचा व्यापार करीत. पॅट्रिकचे वडील स्थानिक वृत्तपत्रात वार्ताहर होते. दोघेही ज्या शाळेत शिकले, तिचे नावसुद्धा फायरस्टोनच. स्वभावाने मात्र दोघे भिन्न. डॅन फुटबॉलच्या संघाचा कर्णधार, तर पॅट्रिक चारचौघांत न मिसळणारा. साधारणतः १९९६ च्या सुमारास दोघांनी एकत्र वाजविण्यास प्रारंभ केला. डॅनच्या हाती गिटार होती. पॅट्रिकने ड्रमवादन स्वतःच आत्मसात केले.

डॅनला मिसिसिपी राज्यातील कृष्णवर्णीय कलावंतांच्या ‘ब्लूज’ संगीताचे विलक्षण वेड लागले होते. विशेषतः ज्युनियर किम्ब्रो हा त्याचा आदर्श. या वेडापायी त्याने महाविद्यालयही सोडले. २००१ मध्ये आपल्या त्या वेळच्या वाद्यवृंदाची नमुन्याची गाणी ध्वनिमुद्रित करावीत, असे त्याच्या मनात आले. ध्वनिमुद्रणाची साधने पॅट्रिककडे होती. तेव्हा साधने आणि घराचे तळघर पॅट्रिकने द्यावे व वादक डॅनने आणावेत, असे ठरले. ठरल्या दिवशी वादक आलेच नाहीत! एखादा दिवस वाया गेल्याचे दुःख करीत बसला असता. येथे पॅट्रिक ड्रमपाशी बसला, डॅनने गिटार उचलली आणि हाताशी होते तेवढ्यावर काम सुरू झाले. पुढे हीच जोडी कायम झाली.

रॉक संगीतात गायक, गिटारवादक, खर्जातील सूर सांभाळणारा बेस गिटारवादक आणि ड्रमवादक असा संच सामान्यतः असतो. येथे गायन आणि गिटार ही दोन्ही कामे डॅनकडे होती. गिटारचा ध्वनी मुद्दाम खरखरीत व जाडसर ठेवून त्याने बेसची उणीव भरून काढली. मनुष्यबळ कमी असल्यामुळेच त्यांच्या संगीतास एक रोखठोक, वेगळा बाज लाभला.

नावाचीही एक हकिकत आहे. दोघांच्या वडिलांच्या परिचयाचा एक मनोरुग्ण चित्रकार ॲक्रनमध्ये होता. कोणावर रुष्ट झाला की तो दूरध्वनीवर निरोप ठेवी आणि त्या व्यक्तीची ‘काळी पट्टी’ अशी संभावना करी. कधी त्या पट्टीचा सूरही सांगे. हार्मोनियमवर आपण ज्यास ‘काळी एक’ म्हणतो, नेमका तो सूर! त्यावरून या जोडीने ‘ब्लॅक कीज’ हे नाव घेतले.

सहा गाण्यांचा नमुना त्यांनी निरनिराळ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे पाठविला. लॉस एंजेलिसच्या ‘अलाइव्ह’ या छोट्या कंपनीने त्यांचा प्रत्यक्ष कार्यक्रम न पाहताच करार केला. तारण न बघता कर्ज मंजूर करण्यासारखाच हा प्रकार! २००२ च्या मार्चमध्ये क्लीव्हलंड येथे त्यांचा पहिला कार्यक्रम झाला; श्रोते बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्याच वर्षी पहिला ध्वनिसंग्रह निघाला. उदरनिर्वाहासाठी दोघे एका घरमालकाकडे गवत कापण्याचे काम करीत.

दुसऱ्या संग्रहासाठी त्यांना ‘फॅट पॉसम’ कंपनीची उचल मिळाली. किम्ब्रोची गाणी प्रसिद्ध करणारी हीच ती कंपनी, त्यामुळे डॅनला झालेला आनंद समजण्याजोगा आहे. उचल मात्र घरभाड्यात संपली. अखेर पुन्हा तळघर, पुन्हा जुने यंत्र. एक गाणे वगळता संपूर्ण संग्रह त्यांनी १४ तासांत मुद्रित केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तळघरही गेले, तेव्हा जनरल टायर कंपनीच्या ओस पडलेल्या कारखान्यात त्यांनी बिऱ्हाड मांडले आणि तेथे झालेल्या संग्रहास ‘रबर फॅक्टरी’ असेच नाव दिले. साल होते २००४.

याच ओढाताणीच्या काळात एका ब्रिटिश मेयोनीज उत्पादकाने जाहिरातीत गाणे वापरण्यासाठी दोन लाख पौंड देऊ केले. श्रोते आपणास विकाऊ समजतील, या भीतीने त्यांनी ती रक्कम नाकारली. पुढे विचार बदलला आणि त्यांची गाणी जाहिरातींत येऊ लागली. आधीचा नकार योग्य की नंतरचा होकार, यावर वाचकांत मतभेद होऊ शकतील. पण नाव नव्याने होत असताना पत जपावी लागते, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगणे नको.

या भागीदारीची खरी कसोटी २००९ मध्ये लागली. डॅनने स्वतंत्रपणे एक संग्रह तयार केला; त्याची कल्पना पॅट्रिकला आधी दिली नाही. त्या संग्रहाचे नाव ‘कीप इट हिड’, म्हणजे ‘लपवून ठेव’! स्वतंत्र काम करण्यात गैर काहीच नव्हते. भागीदारापासून ते दडविले, हे लागले. दोघांमधील बोलणे थांबले. पॅट्रिकनेही दुसरा वाद्यवृंद उभा केला. ज्यांचे एकमेकांवाचून काही अडत नाही, ते अशा वेळी कायमचे दुरावतात. हे दोघे काही महिन्यांनी पुन्हा एकत्र बसले. अलाबामा राज्यातील एका प्रसिद्ध जुन्या स्टुडिओत त्यांनी बहुतांश गाणी मुद्रित केली. २०१० मध्ये निघालेल्या त्या संग्रहाचे नाव ‘ब्रदर्स’, अर्थात ‘भाऊ’. त्यास पुढील वर्षी तीन ग्रॅमी पुरस्कार लाभले. त्यांतील एक वेष्टनाच्या मांडणीसाठी पॅट्रिकच्या सख्ख्या भावाला मिळाला.

ही जोडी आजही टिकून आहे. २०२४ मध्ये त्यांनी काढलेल्या संग्रहाच्या नावात आपल्या ओहायो राज्याचा उल्लेख आवर्जून आहे. प्रारंभी त्यांच्यापाशी पैसा नव्हता, माणसे नव्हती, धड जागाही नव्हती. त्या उणिवा त्यांना मारक ठरल्या नाहीत. भागीदारी मोडण्याची वेळ आली ती पैशांच्या टंचाईने नव्हे, तर न सांगितलेल्या एका गोष्टीने. ज्या घरांत भाऊ-भाऊ एकाच दुकानाच्या गादीवर बसतात, त्यांना याचा अर्थ उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.