मराठी शोधनिबंधातील अवतरणे व संदर्भनिर्देश : काही विचार

शोधनिबंधातील अवतरण ही लेखकाच्या विधानाची साक्ष असते. साक्षीदाराचे शब्द बदलले, अथवा त्याचा ठावठिकाणाच लागेना, तर साक्ष निरुपयोगी ठरते. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा मराठी संशोधनापुरता विचार केला आहे.

एम.एल.ए. पद्धतीत गद्याच्या चार ओळींपर्यंतचे आणि ए.पी.ए. पद्धतीत चाळीसपेक्षा कमी शब्दांचे अवतरण वाक्याच्या ओघात, अवतरणचिन्हांत दिले जाते. त्याहून मोठे अवतरण स्वतंत्र परिच्छेदात, समास सोडून, चिन्हांशिवाय येते. पहिली पद्धत कंसात आडनाव व पृष्ठांक मागते, दुसरी प्रकाशनवर्षही. इतके विद्यार्थी लवकर शिकतात.

खरी अडचण पुढेच आहे. ज्ञानेश्वरीस ना आडनाव, ना सोयीचे प्रकाशनवर्ष. तेथे पृष्ठांकापेक्षा अध्याय व ओवी यांचे क्रमांक देणे इष्ट. परंतु प्रत कोणती? वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत व रूढ प्रत यांत पाठभेद आहेत. तुकारामांच्या अभंगांचे क्रमांक तर गाथेगणिक बदलतात. त्यामुळे नुसता अभंग क्रमांक देणे म्हणजे गावाचे नाव न लिहिता घर क्रमांक देण्यासारखे आहे. आधारभूत प्रत पहिल्याच निर्देशात नोंदवावी.

दुसरी बाब लेखनाची. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. तत्पूर्वीच्या ग्रंथातील 'घरांत' हा शब्द एकवचनीही असू शकतो. आज तो अनेकवचनीच वाचला जातो. टंकलेखक असा अनुस्वार 'सुधारतो', तेव्हा अर्थाचा निर्णय नकळत त्याच्याकडे जातो. अवतरणातील लेखन मुळाबरहुकूम ठेवावे; खुलासा आवश्यक वाटल्यास चौकटी कंसात द्यावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार साम्य तपासताना योग्य श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे वगळावयाची असतात. साहजिकच चिन्ह वा निर्देश राहून गेलेला उतारा, हेतू काहीही असो, वाङ्मयचौर्याच्या हिशेबात जमा होऊ शकतो. आपल्याकडे 'अमुक म्हणतात की' अशी सुरुवात करून दोन-दोन परिच्छेद लिहिण्याची सवय आहे. त्यात अमुकांचे म्हणणे कोठे संपले व अभ्यासकाचे कोठे सुरू झाले, हे परीक्षकास उमगत नाही. सारांश असला तरी त्याच्या अखेरीस निर्देश हवाच.

'तत्रैव' या जुन्या संज्ञेविषयीही सावध असावे. संगणकावर परिच्छेद पुढेमागे केले की तळटीपाही सरकतात, आणि 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. अंतिम मुद्रितापर्यंत संक्षिप्त ग्रंथनाम व पृष्ठांक लिहिणेच बरे.