मांस कोणाचे? डीएनए तपासणी काय सांगते, काय सांगत नाही

वस्त्यांमधील आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर तपासून झाली की लोक मनातले प्रश्न विचारतात. त्यात मांसाविषयीचे प्रश्न नेहमी असतात. हॉटेलातल्या खिम्यात दुसरेच काही मिसळले असेल तर कळते का? पोलिसांनी पकडलेले मांस गायीचे की म्हशीचे, हे कसे ठरते? आणि एकदा 'डीएनएत आले' म्हटले की पुढे बोलायला काही उरतच नाही का? पहिला प्रश्न पोटाचा आहे, पुढचे दोन जिवाचे. म्हणून ही तपासणी नीट समजून घेऊ.

तपासणी होते कशी?

प्रत्येक प्राण्याच्या पेशीत डीएनए असतो. तो चार अक्षरांत लिहिलेल्या लांबलचक मजकुरासारखा आहे. या मजकुराचे काही भाग असे असतात की गायीत एक क्रम, म्हशीत दुसरा, शेळीत तिसरा. प्रयोगशाळेत मांसाच्या लहानशा तुकड्यातून डीएनए वेगळा काढतात आणि नेमक्या त्या भागाच्या कोट्यवधी प्रती तयार करतात. या पद्धतीला पीसीआर म्हणतात. कोरोनाच्या काळात आरटी-पीसीआर हे नाव घरोघरी पोचले, ही तपासणी त्याच घराण्यातली. कॅरी म्युलिस यांनी ती १९८३ मध्ये शोधली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रती तयार झाल्यावर अक्षरांचा क्रम माहीत असलेल्या प्राण्यांच्या क्रमाशी ताडून पाहतात.

बहुतेक वेळा यासाठी पेशीतील मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वापरतात. एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, त्यामुळे थोड्याशा मांसावरही काम भागते. हैदराबादच्या सीसीएमबी या केंद्र सरकारच्या संस्थेने प्राण्याची जात ओळखण्याची अशीच पद्धत विकसित केली आहे. वन्यप्राण्यांच्या शिकारीच्या तपासात ती वापरली जाते.

रंग, वास, चरबी पाहून कच्चे मांस ओळखणारे जाणकार असतात, पण खिमा झाला, मसाला पडला, शिजले की डोळ्यांचा अंदाज चालत नाही. प्रथिनांवर आधारलेले झटपट किटही आहेत, मात्र उष्णतेने प्रथिनांचे रूप बदलते. डीएनए त्या मानाने चिवट. शिजवल्यावर त्याचे तुकडे पडतात, पण लहान तुकडाही वाचता येतो. उन्हात वाळवलेल्या चान्यांतूनही उत्तर मिळू शकते.

आयर्लंडमध्ये काय घडले?

या तपासणीची ताकद जगाला दिसली ती २०१३ मध्ये. आयर्लंडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बीफ बर्गरचे २७ नमुने तपासले. त्यांपैकी १० मध्ये घोड्याचा आणि २३ मध्ये डुकराचा डीएनए सापडला. बहुतेक ठिकाणी प्रमाण अगदी किरकोळ होते, पण एका बर्गरमध्ये मांसाचा जवळजवळ २९ टक्के भाग घोड्याचा निघाला. पाकिटावर घोड्याचा उल्लेखही नव्हता. चौकशी सुरू झाली आणि युरोपभरची फसवणूक उघड झाली.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, नुसता 'डीएनए सापडला' एवढ्यावर थांबू नये, प्रमाण विचारावे. त्याच सुरीने, त्याच ठोकळ्यावर दुसरे मांस कापले तरी अंश सापडतो. म्हणून युरोपने पुढच्या तपासणीत एक टक्क्याची मर्यादा धरली. दुसरा, लोकांना भीती होती ती घोड्यांना देतात त्या फेनिलब्युटाझोन या वेदनाशामक औषधाची. ते मांसात आहे का, हे डीएनएने कळले नाही. त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागली.

तपासणी काय सांगत नाही?

डीएनए एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: मांस कोणत्या प्राण्याचे? जनावर कापले की आपोआप मेले, कोणी कापले, कुठे आणि केव्हा, यांतले काहीही तो सांगत नाही. गाय आणि बैल एकाच जातीचे असल्याने जातीच्या तपासणीत दोघांचे उत्तर एकच येते. नर की मादी हे पाहायला वेगळी चाचणी लागते.

आपल्या समाजासाठी हा मुद्दा पुस्तकी नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उनाजवळ मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोहत्येचा आळ घेऊन अमानुष मारले. ती गाय सिंहाने मारली होती, असे नंतर तपासात पुढे आले. तिथल्या मांसाची डीएनए तपासणी केली असती तर उत्तर 'गाय' असेच आले असते. अगदी बरोबर, आणि तरीही त्या तरुणांच्या अपराधाचा कणभर पुरावा नाही.

आरोग्याच्या अंगानेही हेच खरे. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले ते स्वाभिमानासाठी. त्याला आरोग्याचा आधारही भक्कम आहे. अँथ्रॅक्ससारखा रोग अशा मांसातून माणसाला होतो. पण मांस मेलेल्या जनावराचे आहे का, रोगट आहे का, हे जातीचा अहवाल सांगत नाही.

नमुना बिघडला तर अहवालही बिघडतो

आम्ही परिचारिका बायॉप्सीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवायला शिकतो. डीएनए तपासणीसाठी हेच घातक, कारण फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो. मांसाचा नमुना बर्फात, थंड ठेवून लवकर पोचवावा लागतो. प्रत्येक नमुना वेगळ्या स्वच्छ डब्यात, सीलबंद, त्यावर जागा, तारीख आणि वेळ हवी. एकाच हातमोज्याने दोन ढिगांतले तुकडे उचलले तरी गोंधळ होतो. नमुना कोणाच्या घरातून उचलला आणि कोणाकोणाच्या हातून गेला, याची साखळी तुटली तर उत्तम यंत्राचा अहवालही लंगडा पडतो.

आपण काय करावे?

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. म्हैस-रेड्याला प्रमाणपत्र लागते, बंदी नाही. म्हणून 'मोठ्याचे' एवढ्यावरून गुन्हा ठरत नाही. परवानाधारक दुकानातूनच मांस घ्यावे आणि पावती मागून जपून ठेवावी.

मांस पकडण्याची वेळ आली तर झडतीचा अधिकार कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यालाच आहे, रस्त्यावरच्या टोळीला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. त्याचा आग्रह धरा. पंचनाम्याची नक्कल मागा. वकिलाला अहवालाबाबत चार प्रश्न विचारायला सांगा: कोणती पद्धत वापरली, प्रमाण किती, नमुना कशात ठेवला, सील शाबूत होते का? आरोपीनेच निर्दोष असल्याचे सिद्ध करावे, हे महाराष्ट्राच्या कायद्यातील कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले, हेही लक्षात असू द्या. त्या निकालाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे.

भेसळीचा संशय असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चे कलम ४० उपयोगी आहे. खरेदी करतानाच दुकानदाराला 'मी हे तपासून घेणार' असे सांगून ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. माल कायद्याप्रमाणे नाही असे निघाले तर फी परत मिळते. सात-आठ घरांनी मिळून फी भरली तर कोणावर भार पडत नाही.

आणि घरात लहान-थोरांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. अहवाल काहीही येवो, मारहाण करण्याचा हक्क त्याने कोणालाच मिळत नाही. मांस कोणाचे हे प्रयोगशाळा सांगेल. गुन्हा झाला की नाही हे फक्त न्यायालय ठरवेल. जयभीम.