डोंगरावरचा बर्फ आणि ढगांचे विरजण

पाण्याचा साठा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलाव किंवा धरण उभे राहते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील आयडाहो, वायोमिंग यांसारख्या राज्यांत मात्र फार मोठा साठा डोंगरमाथ्यावर होत असतो. हिवाळ्यात तेथे बर्फ साचतो, वसंतात तो वितळू लागतो आणि पुढे उन्हाळ्यात नद्यांना पाणी पुरवितो. त्याच पाण्यावर शेते भिजतात व वीजकेंद्रे चालतात. म्हणून ‘आकाशातून थोडा अधिक बर्फ उतरविता येईल काय?’ हा तेथे केवळ कुतूहलाचा नव्हे, तर पोटापाण्याचा प्रश्न आहे.

पाणी शून्य अंश सेल्सियसला गोठते, असे आपण शाळेत शिकतो. परंतु ढगांतील सूक्ष्म थेंब शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत थंड झाले तरी पुष्कळदा द्रवच राहतात. गोठण्यासाठी त्यांना योग्य अशा कणाचा आधार लागतो. विरजणावाचून दुधाचे दही होत नाही, तसेच काहीसे हे आहे. आधार न मिळाल्यास ते थेंब वाऱ्याबरोबर डोंगर ओलांडतात आणि पलीकडच्या उतारावर हवा उबदार होताच विरून जातात.

हे विरजण १९४६ साली सापडले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतील व्हिन्सेंट शेफर यांनी शीतपेटीतील अशा धुक्यात कोरडा बर्फ, म्हणजे गोठविलेला कार्बन डायऑक्साइड, टाकला आणि पेटी हिमकणांनी भरून गेली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबर रोजी त्यांनी विमानातून खऱ्या ढगावर तो प्रयोग यशस्वी केला. त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइड हे रुप्याचे संयुग सुचविले. त्याच्या स्फटिकाची घडण बर्फाच्या स्फटिकाशी जुळते.

या कामाला विमान लागतेच असे नाही. डोंगराच्या वाऱ्याकडील अंगाला यंत्रे उभारतात. त्यांत अॅसिटोनमधील सिल्व्हर आयोडाइडचे द्रावण प्रोपेन वायूच्या ज्योतीत जाळतात. वारा तो धूर उतारावरून ढगात नेतो. मात्र ढग पुरेसा थंड हवा, त्यात न गोठलेले पाणी हवे आणि वाराही डोंगराकडे वाहणारा हवा. पायथ्याशी थंड हवेचा थर बसला असेल, तर धूर वर चढतच नाही. आयडाहोत पेएट नदीच्या खोऱ्यात तेथील वीजकंपनी २००३ पासून हा उपक्रम चालवीत आली आहे.

परंतु बर्फ वाढला, हे सिद्ध कसे करावयाचे? यंत्र पेटविले नसते तर किती बर्फ पडला असता, हे कोणी सांगावे? वायोमिंगमध्ये २००८ ते २०१४ या काळात मेडिसिन बो व सिएरा माद्रे या शेजारच्या डोंगररांगा निवडल्या. दोन्हींवर अनुकूल ढग असता, धूर कोणत्या रांगेवर सोडायचा हे चिठ्ठी टाकावी तसे दैवावर सोपविले. मापनात वाढ अवघी तीन टक्के दिसली व तीही योगायोगाने दिसली असण्याचा संभव होता. इतर पुरावे जमेस धरून अनुकूल वादळांत पाच ते पंधरा टक्के वाढ संभवते, असा निष्कर्ष निघाला. पण अशा वादळांचा वाटा हिवाळ्यातील एकूण वृष्टीत सुमारे तीस टक्केच होता. म्हणजे दहा टक्के वाढ धरली, तरी साऱ्या हंगामात भर पडते ती तीन टक्क्यांची.

२०१७ मध्ये आयडाहोत विमानातून पेरणी केली असता, विमानाच्या मार्गाच्याच आकाराच्या हिमाच्या रेषा रडारवर उमटल्या. अशा तीन प्रयोगांत मिळून सुमारे सात लक्ष घनमीटर पाण्याइतका बर्फ उतरला. क्रिया खरी आहे, याविषयी आता शंका उरली नाही. प्रश्न आहे तो प्रमाणाचा.

आपल्याकडे सोलापूर परिसरात २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत विमानातून पेरणीचे प्रयोग झाले. ते उष्ण प्रदेशातील मेघांवरचे होते. त्यांच्या आकड्यांची डोंगरी हिमाच्या आकड्यांशी तुलना करणे योग्य नव्हे.

तात्पर्य, ही विद्या ढग निर्माण करीत नाही. आलेल्या ढगाकडून थोडे अधिक मागून घेते. अवर्षणाच्या वर्षी ढगच विरळ असतात, तेव्हा यंत्रे पेटवून फारसे हाती लागत नाही. ज्या हिवाळ्यात ढग भरपूर येतात, त्याच हिवाळ्यात चार पैसे गाठीला बांधावे तशी ही भर घालावयाची असते. ती पाण्याच्या काटकसरीची जोड होऊ शकते, तिची जागा घेऊ शकत नाही.