वंशावळ नसलेला याजक

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्याच पुस्तकात एक माणूस जेमतेम तीन वचनांपुरता येतो आणि निघून जातो. चौदाव्या अध्यायातला प्रसंग असा: चार राजांनी अब्रामाच्या पुतण्याला, लोटाला, धरून नेले आहे. अब्राम ३१८ माणसे घेऊन पाठलाग करतो आणि लोटाला सोडवून परततो. परतीच्या वाटेवर शालेमचा राजा मलकीसदेक भाकर आणि द्राक्षारस घेऊन सामोरा येतो. हा राजा परात्पर देवाचा याजकही आहे. तो अब्रामाला आशीर्वाद देतो आणि त्याला लुटीचा दशमांश मिळतो. एवढेच. पुढे ११०व्या स्तोत्रात त्याचे नाव एकदा येते. तिथे सियोनच्या राजाला सांगितले आहे की तू मलकीसदेकासारखा सर्वकाळचा याजक आहेस. इब्री बायबलमध्ये याहून अधिक काही नाही.

या दोन उल्लेखांवर ख्रिस्ती धर्मविचाराचा एक मोठा खांब उभा आहे. तो का उभा करावा लागला, हे कळायला इस्राएलातली व्यवस्था पाहावी लागते. राजपद यहूदा वंशातल्या दावीदाच्या घराण्याकडे, याजकपद लेवी वंशातल्या अहरोनाच्या घराण्याकडे. उज्जीया राजा मंदिरात स्वतः धूप जाळायला गेला, तेव्हा त्याच्या कपाळावर कोड उठले, असे इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. एज्राच्या पुस्तकातला प्रसंग तर अधिक बोलका आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या काही घराण्यांनी आपण याजक असल्याचे सांगितले, पण वंशावळीच्या नोंदीत त्यांची नावे सापडेनात. त्यांना अशुद्ध ठरवून याजकपदावरून दूर केले गेले. वंशावळ नाही, म्हणून याजकपद नाही.

आता पहिल्या शतकातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या लेखनाची अडचण लक्षात येईल. त्याचा लेखक अज्ञात आहे. येशू हा आपला महायाजक आहे, असे त्याला सांगायचे आहे. पण येशू यहूदा वंशातला. त्या वंशाच्या याजकपदाबद्दल मोशेने काहीच सांगितलेले नाही, हे लेखक स्वतःच कबूल करतो.

सातव्या अध्यायात तो यातून वाट काढतो. अब्राहामाने मलकीसदेकाला दशमांश दिला, तेव्हा त्याचा पणतू लेवी अजून जन्मायचा होता. म्हणजे पूर्वजाच्या हातून लेवीनेही तो दिलाच. शिवाय आशीर्वाद देणारा घेणाऱ्याहून थोर असतो. लेवींचे याजकपद परिपूर्ण असते, तर नंतरच्या स्तोत्रात वेगळ्या याजकाचे वचन कशाला दिले असते? पण सर्वांत धाडसी मुद्दा मौनाचा आहे. ‘उत्पत्ती’मध्ये पानोपानी वंशावळी आहेत, तरी मलकीसदेकाचे आईबाप, जन्म, मृत्यू यांबद्दल चकार शब्द नाही. ज्या उणिवेपायी एज्राच्या काळी माणसे बाहेर काढली गेली, तीच उणीव इथे अधिकाराची खूण ठरते. हे याजकपद रक्तातून आलेले नाही, म्हणून ते मृत्यूबरोबर संपतही नाही.

हे मौन इतरांनाही सतावत होते. कुमरानच्या अकराव्या गुहेत १९५६ साली मिळालेल्या एका गुंडाळीत मलकीसदेक हा अंतिम न्याय करणारा स्वर्गीय पुरुष आहे. यहुदी रब्बींनी उलट वाट धरली: तो नोहाचा मुलगा शेम, असे सांगून त्यांनी त्याला वंशावळच दिली. त्याने देवाआधी अब्रामाची स्तुती केली, म्हणून याजकपद त्याच्याकडून अब्राहामाकडे गेले, असे तालमूद म्हणते. वाद कशाचा आहे, हे दोन्ही बाजूंना नेमके ठाऊक होते.

मराठी बायबल वाचताना मी अडखळलो तो ‘संप्रदाय’ या शब्दापाशी. मलकीसदेकाच्या ‘संप्रदायाप्रमाणे’ याजक, असे तिथे आहे. आपल्या कानाला संप्रदाय म्हणजे गुरूकडून शिष्याकडे चालत आलेली परंपरा. मलकीसदेकाच्या मागे गुरू नाही, पुढे शिष्य नाही. पत्रातला मूळ ग्रीक शब्द ‘ताक्सिस’, म्हणजे क्रम, श्रेणी किंवा रीत. पण या अडखळण्यातूनच पुढच्या ख्रिस्ती इतिहासातला एक तंटा मला उमगला.

तिसऱ्या शतकात कार्थेजच्या सिप्रियनने मलकीसदेकाच्या भाकर-द्राक्षारसात प्रभुभोजनाची पूर्वखूण पाहिली. राव्हेन्नातल्या, ५४७ साली अर्पण झालेल्या सान व्हिताले चर्चमधल्या कुट्टिमचित्रात तो हाबेलासमोर वेदीपाशी उभा आहे. रोमन कॅथलिक मिस्सेच्या जुन्या प्रार्थनेतही त्याचे नाव आहे. या परंपरेत ख्रिस्ताच्या याजकपदात दीक्षित धर्मगुरूही सहभागी होतो. सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी याला हरकत घेतली. कॅल्विनने दाखवून दिले की मलकीसदेकाबद्दल इतके लिहिणारा पत्रलेखक भाकर-द्राक्षारसाविषयी अक्षरही काढत नाही. जे याजकपद मरणाने थांबत नाही, त्याला वारस कशाला हवेत, हा त्यांचा प्रश्न होता.

म्हणजे जन्मावर आधारलेले याजकपद बाजूला सारल्यावरही, अधिकार मग कोणाकडे, हा प्रश्न सुटला नाही. मला वाटते, मलकीसदेकाचे महत्त्व उत्तरापेक्षा त्या प्रश्नात आहे. अब्राहामाला आशीर्वाद देणारा पहिला याजक त्याच्या कुळाचा नव्हता, ही नोंद ‘उत्पत्ती’च्या संपादकांनी गाळली नाही. नोंदवहीत नाव न सापडलेली एज्राच्या काळची ती घराणी त्याच धर्मग्रंथाच्या छायेत जगत होती, आणि त्यात तीन वचनांचा हा उल्लेखही होता.