विहिरीतली बुडी, समुद्रातली बुडी

आम्हा सोलापूरकरांचा समुद्राशी संबंध सुटीपुरताच. आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला डबा बांधून. श्वास कोंडून तळाशी जायचे आणि मूठभर गाळ वर आणून दाखवायचा, हीच मोठी मर्दुमकी. दिवाळीच्या सुटीत आपांच्या कुटुंबासोबत मालवणला गेलो, तेव्हा कळले की श्वास कोंडण्याची हीच सवय स्कूबा डायव्हिंगमध्ये जिवावर बेतू शकते.

विहिरीत आपण वरची हवा छातीत भरून खाली जातो. पाण्याच्या दाबाने ती आक्रसते आणि वर येताना पुन्हा पूर्वीएवढी होते. स्कूबात मात्र सिलिंडरची हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबानेच मिळते. 10 मीटर खोलीवर हा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेला श्वास कोंडून कोणी घाबरून वर धावला, तर ती हवा दुप्पट फुगू पाहते. फुप्फुस फाटते, बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. बॉइलचा नियम फळ्यावर लिहिताना आम्हाला हे कधी सुचले नव्हते! त्यासाठी फार खोलीही लागत नाही, एक-दीड मीटरची चढणसुद्धा पुरते. म्हणून प्रशिक्षक पुन्हा पुन्हा बजावतात: श्वास चालू ठेवा.

नावेत बसण्याआधी तब्येतीचा फॉर्म भरायचा होता. भाच्याने दम्यापुढे बिनधास्त ‘नाही’ लिहिले. पंप आपांच्या पर्समध्ये! आपांनी फॉर्म त्याच्या हातून काढून घेतला. दम्यात श्वासनळ्या आवळल्या तर फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकून राहते आणि वर येताना तीच फुगते. पोरगा दिवसभर कोणाशी बोलला नाही. आम्हाला आपांचेच बरोबर वाटले. फिट, हृदयविकार, कानाचे ऑपरेशन, गरोदरपण यांतले काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, फॉर्मवर लपवू नये.

सर्वांत जास्त त्रास होतो तो कानांना. पहिल्या दोन-तीन मीटरांतच पडद्यावर दाब येतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की तो सुटतो. सर्दी असेल तर कान आणि घसा जोडणारी नळी सुजलेली असते, मग फुंकूनही उपयोग नाही. आमचे मामू सर्दी अंगावर घेऊन उतरले, दुखले तरी खूण केली नाही, आणि पडद्याला भोक घेऊन परतले. घरच्यांनी लसणीचे तेल कोमट केलेच होते! फाटलेल्या पडद्यावर तेल कधीच घालू नये. कान कोरडा ठेवून डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक गोष्ट परतीच्या वाटेची. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात. उथळ पाण्यातल्या एका फेरीत हा धोका अगदी कमी, पण जे रीतसर कोर्स करून खोल उतरतात, त्यांनी लगेच आंबोली घाट चढू नये, विमानही पकडू नये. एका बुडीनंतर किमान 12 तास, अनेक बुड्यांनंतर 18 तास थांबावे. 2025 पासून गोव्याहून सोलापूरला थेट विमान आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ दोन पर्यटक दगावले, ते मात्र पाण्याखाली नव्हे, तर स्कूबा करून परतताना नाव उलटल्याने. आम्ही नावेत लाइफ जॅकेट किनाऱ्याला लागेपर्यंत काढले नाही. भाचा वाळूत बसून आमची वाट पाहत होता.